उणे सहा मोठं की उणे तीन

माझी मुलगी अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी जेवताना, भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "बाबा, मी मॅथ्स सोडते." भाकरी तांदळाची होती, सोबत सुकटीचं कालवण होतं आणि मला सुट्टी होती. असा मुहूर्त साधून वाईट बातमी द्यायची, हे ती तिच्या आईकडून शिकली आहे. तोंडात घास असताना माणसाला ओरडता येत नाही.

मी घास गिळला आणि मग ओरडलो.

माझा आवाज मुळातच मोठा आहे. त्यात तारापूरच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टरवर म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद भांड्यावर ऑपरेटर म्हणून माझी उमर गेली. पंप चालू असताना शेजारच्या माणसाला पाणी मागायचं तरी बोंब ठोकावी लागते. ती सवय घरी येताना गेटवर काढून ठेवता येत नाही. पण त्या दिवशी ओरडलो ते सवयीने नाही. मला खरंच धक्का बसला होता.

कंपनीत एके वर्षी सुरक्षा सप्ताहात घरच्यांना प्लांट बघायला बोलावलं होतं. बायकोने कॅन्टीन बघितलं आणि मी रोज काय खातो त्याची नीट चौकशी केली. मुलगी तेव्हा शाळेत होती. ती कंट्रोल रूममध्ये शिरली आणि बाहेरच येईना. आत थंडगार एसी, ओळीने स्क्रीन, त्यांच्यावर सगळ्या प्लांटची चित्रं, आणि मधल्या खुर्चीवर एक इंजिनिअर बाई. बाईंनी माऊस हलवला की तिकडे लांब कुठे तरी व्हॉल्व्ह उघडत होता. घरी येताना पोरीने मला विचारलं, "तिथं बसायला काय शिकायला लागतं?" मी म्हटलं, इंजिनिअरिंग. तेव्हापासून ती येईल त्याला सांगत सुटली की मी त्या खुर्चीवर बसणार. समुद्राकाठी आमच्या दांडी गावात माझ्या भावाची बोट आहे. त्यालाही तिने सांगितलं. तो म्हणाला, "त्यापरीस बोटीवर बस, हवा तरी चांगली हाय." ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

दहावीपर्यंत बोईसरच्या शाळेत, मराठी माध्यमात, ती गणितात चांगली होती. अकरावीला पालघरच्या कॉलेजात सायन्स घेतलं आणि सगळं इंग्रजीत सुरू झालं. छेदाचा डिनॉमिनेटर झाला, असमानतेची इनइक्वॅलिटी झाली. पहिल्या चाचणीत ती गणितात नापास झाली. गणिताच्या मॅडमनी वर्गात स्पष्ट सांगितलं होतं की दिवाळीनंतर फेरपरीक्षा घेते, तीतही जे नापास होतील त्यांनी गणित सोडून दुसरा विषय घ्यावा, बारावीला येऊन रडू नये. मॅडमचं काही चुकलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. गणित सुटलं की इंजिनिअरिंग सुटलं, एवढं सरळ होतं. आणि माझी मुलगी फेरपरीक्षेची वाटसुद्धा बघायला तयार नव्हती.

"आणि ती खुर्ची?" मी विचारलं.

"नको मला. कंपनीत वास येतो."

जिचं अर्धं बालपण दांडी गावात वाळत घातलेल्या बोंबलांखाली आणि उरलेलं इथे पाम गावातल्या घरी एमआयडीसीच्या वाऱ्यावर गेलं, तिने वासाचं कारण सांगावं. खोटं बोलताना ती ताटाकडे बघते, तशी ती बघत होती.

जेवण झाल्यावर मी चाचणीचा पेपर मागून घेतला. भूमिती ठीक होती, बाकीचंही बरं होतं. मार्क गेले होते ते सगळे एकाच ठिकाणी. अपूर्णांक असलेल्या असमानता सोडवा. तिथे लाल पेनाने नुसते भोपळे मारले होते. मला उलट हायसं वाटलं. म्हटलं, एवढंच ना? मी स्वतः बारावी सायन्स करून मग आयटीआयला गेलेला माणूस. बारावीला काठावर पास झालो होतो, पण समीकरणं मला यायची. दोन्ही बाजूंना सारखंच करत जायचं, एक्स सुटा करायचा, झालं. मी शेखी मिरवत जाहीर केलं की दिवाळीपर्यंत हा धडा मी शिकवतो.

"तुमी?" बायको म्हणाली. "तिला शिकवायच्या आदी आवाज खाली ठेवायला शिका."

दुसऱ्या दिवशी मला फर्स्ट शिफ्ट होती. दुपारी घरी आलो, जेवलो, जरा पडलो आणि ऊन उतरल्यावर अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. पुस्तकातलं पहिलंच उदाहरण घेतलं.

६ / (x − २) < ३

मी तिला म्हटलं, बघ आता. दोन्ही बाजूंना एक्स वजा दोनने गुण. डावीकडे राहिले सहा, उजवीकडे तीन गुणिले कंस. कंस सोड. तीन एक्स वजा सहा. सहा तिकडून इकडे आण, बारा झाले. तिनाने भाग. एक्स चारपेक्षा मोठा. आहे काय त्यात?

पुस्तकाच्या मागे उत्तर होतं की एक्स दोनपेक्षा लहान किंवा चारपेक्षा मोठा.

"छापणाऱ्याची चूक आहे," मी म्हटलं.

"मी पेपरात हेच लिवलं होतं," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच. सगळे मार्क गेले."

खरं सांगतो, मला आतून थोडं बरं वाटलं. पोर चुकली, पण माझ्यासारखी चुकली. रक्त कुठे जाणार. तिला मात्र त्याचं काही कौतुक नव्हतं. तिने एक्सच्या जागी शून्य घालून दाखवला. सहा भागिले उणे दोन, म्हणजे उणे तीन. उणे तीन हे तीनपेक्षा लहान. म्हणजे शून्य हा उत्तरात यायला हवा होता, आणि आमच्या उत्तराने त्याला काही गुन्हा नसताना बाहेर उभं केलं होतं.

"मॅडम बोलतात, छेदानं गुणायचं नाय," ती म्हणाली. "छेद मायनस असला तर चिन्ह उलटतं."

"का उलटतं?"

"उलटतं."

"अगं, पण का?"

"बाबा, रूल हाय तो."

इथे माझं डोकं फिरलं. प्लांटमध्ये नवीन आलेला माणूस असाच असतो. हा व्हॉल्व्ह आधी, तो नंतर, एवढं पाठ करतो. का ते विचारत नाही. मग एखाद्या घाईच्या दिवशी नेमका तोच विसरतो. पोरीचंही तेच झालं होतं. नियम तिला ठाऊक होता, परीक्षेच्या घाईत हातातून निसटला होता. पण का उलटतं, ते मलाही सांगता येईना. मी म्हटलं, पुढचं घे.

पुढच्यात उजवीकडेच उणे होतं.

६ / (x − २) > −३

या वेळी आम्ही पुस्तक सांगतं तसं गेलो. सगळं एका बाजूला आणलं, समान छेद केला, वर उरले तीन एक्स, खाली एक्स वजा दोन, आणि हे सगळं शून्यापेक्षा मोठं हवं. वरचा भाग शून्याला शून्य होतो, खालचा दोनला. म्हणजे संख्यारेषेचे तीन तुकडे पडले. शून्याच्या अलीकडचा, शून्य ते दोन, आणि दोनच्या पलीकडचा. प्रत्येक तुकड्यातला एक आकडा घालून बघायचा, जमला तर तो तुकडा घ्यायचा, नाही तर सोडायचा. मधल्या तुकड्यासाठी तिने मूळ उदाहरणात एक घातला. सहा भागिले उणे एक, उणे सहा आले.

"मग? उणे सहा हे उणे तीनपेक्षा मोठं हाय?" तिने स्वतःलाच विचारलं आणि पेन्सिलने लिहिलं, नाही.

"आहे की," मी म्हटलं.

"नाय बाबा. मायनस सहा लहान."

"सहा तिनापेक्षा मोठं की नाही? मग मायनसमधलं सहा लहान कसं होईल? सातशेचा व्हॅक्यूम चारशेपेक्षा जास्त असतो की नसतो?"

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्याकडे सॉल्व्हंट उडवून वेगळं करायचं असलं की रिअ‍ॅक्टरला व्हॅक्यूम पंप लावतात. पंप आतली हवा खेचून घेतो. जितकी जास्त खेचली तितका गेजच्या तबकडीवरचा आकडा मोठा. चारशे झाला, सहाशे झाला, सातशे झाला. शिफ्ट सोपवताना आम्ही सांगतो, आज व्हॅक्यूम छान चढला, सातशेच्या वर गेला. तो चारशेलाच अडकला तर साहेब विचारतो, व्हॅक्यूम कमी का? खरं तर हे सगळे आकडे शून्याच्या खालचे, उणे आहेत. पण आमच्या डायलवर उण्याचं चिन्ह छापलेलं नाही, फक्त आकडे लाल आहेत. मी सगळी नोकरी शून्याच्या खाली सातशे म्हणजे जास्त, चारशे म्हणजे कमी, असं बोलत काढली होती. ते इतकं अंगात मुरलं होतं की मला शंकासुद्धा आली नाही.

मी माझं म्हणणं पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि रबर घेऊन "नाही" खोडलं. तिथे "आहे" लिहिलं आणि मधला तुकडा उत्तरात घेतला.

मग तिने पुस्तकाचं मागचं पान उघडलं. एक्स शून्यापेक्षा लहान किंवा दोनपेक्षा मोठा. मधला तुकडा उत्तरात नव्हता. तिचं आधीचं बरोबर होतं.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तक मिटलं, खुर्ची उचलून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "जाऊ द्या बाबा. आपल्या घरातच नाय ते." आणि आत गेली. मी अंगणात बसून राहिलो. मला चार शिव्या घातल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं. तिला येत होतं, आणि ते मी खोडायला लावलं होतं.

बायको बाहेर आली, माझं तोंड बघितलं आणि चहा ठेवायला गेली. एरवी ती अशी संधी सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रिअ‍ॅक्टरवर होतो, पण डोक्यात उणे सहा. पंप लावला होता, व्हॅक्यूम हळूहळू चढत होता. आमच्या या रिअ‍ॅक्टरवर एकाच डायलमध्ये दोन्ही दाखवणारं गेज आहे. मध्ये शून्य, उजवीकडे काळ्या आकड्यांत प्रेशर, डावीकडे लाल आकड्यांत व्हॅक्यूम. शेजारी आमचा इन्स्ट्रुमेंटचा टेक्निशियन दुसरं गेज बदलत होता. तो मूळचा गोरखपूरकडचा, बोईसरला खोली घेऊन राहतो, आणि त्याला गप्प बसवत नाही. मी त्याला म्हटलं, "देखो, वैक्यूम बढ़ रहा है."

"बढ़ रहा है तो सुई पीछे काहे जा रही है, भैया?" तो पाना फिरवता फिरवता म्हणाला. तो सहज बोलला होता. लगेच पुढे त्याच्या घरमालकाची तक्रार सांगायला लागला.

मी सुईकडे बघत राहिलो. सुई डावीकडे जात होती. प्रेशर वाढलं की ती उजवीकडे जाते, तेव्हा मोठा आकडा उजवीकडे असतो. व्हॅक्यूम वाढला की ती डावीकडे जाते, तेव्हा मोठा आकडा डावीकडे असतो. आमच्या बोलण्यात दोन्हीकडे "वाढला"च. पण डायल सरळ करून जमिनीवर पसरली तर ती पोरीच्या पुस्तकातली संख्यारेषा होती, आणि तिच्यावर सातशेचा व्हॅक्यूम चारशेच्या कितीतरी मागे होता. शून्यापासून जो लांब, तो उजवीकडे असला तर पुढे, आणि डावीकडे असला तर मागे. सुई मी रोज बघत होतो, आणि माझ्याच तोंडातल्या शब्दाने मला फसवलं होतं. मी एकटाच मोठ्याने हसलो. टेक्निशियनला वाटलं, घरमालकाच्या गोष्टीला हसलो. तो खूश झाला.

त्या दुपारी मी झोपलो नाही. पोर कॉलेजातून यायच्या आधी खडूने अंगणभर एक लांब रेघ ओढली. पाण्याचा निळा ड्रम मधोमध होता, तो शून्य. ड्रमापासून रस्त्याकडे एक, दोन, तीन. ड्रमापासून कुंपणाकडे उणे एक, उणे दोन. एका आकड्याला एक पाऊल. ती आली आणि दप्तर न उतरवता दारातच थांबली.

"हे काय?"

"तू बरोबर होतीस. मी चुकलो होतो," मी म्हटलं. "का चुकलो ते आता कळलंय. तिनावर उभी राहा."

ती नाखुशीने उभी राहिली. मी सहावर गेलो. रस्त्याकडे तोंड करून विचारलं, पुढे कोण? मी. बरं. आता दोघांना दोनने गुण. ती सहावर आली, मी बारावर, रस्त्याच्या कडेला. पुढे कोण? अजून मीच. अर्ध्याने गुणलं, मागे आलो, तरी मी पुढे. आता इथूनच, तीन आणि सहावरून, उणे एकने गुण.

आम्ही दोघं ड्रमाला वळसा घालून पलीकडे गेलो. ती उणे तीनवर, मी उणे सहावर. मी आता कुंपणाजवळ होतो आणि ती ड्रमाजवळ.

"रस्त्याकडे पुढं कोण?" मी विचारलं.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मागे होतो. "मी पुढं," ती हळू आवाजात म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मी पुढं हाय."

"कशाने झालीस?"

"ड्रमाच्या पलीकडं आल्यानं. जो लांब होता तो मागं पडला." आणि मग, बऱ्याच दिवसांनी, ती हसली. "आता उणे दोननं गुणा."

मी म्हटलं, तीन आणि सहाला गुणायचं? उणे बारा शेजाऱ्याच्या अंगणात येतंय. शेजारी कुंपणाला टेकून आमचा तमाशा बघतच होता. त्याने फाटक उघडून धरलं. बायको दारातून म्हणाली, "अवो, माणसं बघतात. काय वेड लागलं काय दोघांना?" पण ती आत गेली नाही. तीही बघत उभी राहिली.

मग मी तिला कालचं पहिलं उदाहरण दिलं. आता छेदातल्या एक्स वजा दोनने गुणायचंय. मी पुढे राहीन की तू?

ती विचार करत उभी राहिली. ओठ चावला. "एक्स किती ते ठाऊक नाय तर कसं सांगू? दोनच्या वर असला तर तुमी पुढं. खाली असला तर मी." आणि मग तिचा चेहरा बदलला. "म्हणून मॅडम गुणू देत नाय."

हे मी तिला सांगितलं नव्हतं. ते तिने स्वतः काढलं. मला इतका आनंद झाला की मी आवाज खाली ठेवायचा विसरलो. तिला म्हटलं, आमच्याकडे गेज बघितल्याशिवाय रिअ‍ॅक्टरचं झाकण कुणी उघडत नाही. आत प्रेशर असलं तर अंगावर येतं, व्हॅक्यूम असला तर आत ओढतं. बाहेरून भांडं सारखंच दिसतं. तुझा छेदही तसाच. काल मी त्याचं झाकण न बघता उघडलं आणि अर्धं उत्तर घालवलं.

"आणि एक्स बरोब्बर दोन असला तर?" मी विचारलं.

"तर छेद शून्य. तिथं उभंच नाय राहायचं." तिने खडू घेतला आणि रेघेवर दोनच्या जागी पोकळ गोल काढला.

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत आम्ही रोज बसलो. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी, सेकंड असली की तिची कॉलेजची वेळ होण्याआधी थोडा वेळ. मी ओरडायचो, ती मला ओरडायची. फरक एवढाच पडला की आता ती माझ्या आवाजाला घाबरून काही खोडत नव्हती. "थांबा, घालून बघू," म्हणायची आणि आकडा घालून मला गप्प करायची. भाऊबीजेला दांडीला गेलो तेव्हा वहीही सोबत होती. भाऊ म्हणाला, "सणाला तरी पोरीला सोड." ती म्हणाली, "मला कोणी नाय धरलं, काका," आणि मागच्या पडवीत जाऊन बसली.

एकदा तिने मला विचारलं, छेदाच्या वर्गाने गुणलं तर? मी म्हटलं, म्हणजे काय? ती म्हणाली, वर्ग कधी उणे होत नाही, म्हणजे चिन्ह उलटायची भीतीच नाही, फक्त छेद शून्य नको. मी पुस्तक चाळलं, त्या धड्यात तसं कुठे दिसलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, अशीही रीत आहे. घरी येऊन तिने हे इतक्या सहज सांगितलं, जशी काही रोजचीच गोष्ट. मी मात्र शिफ्टमध्ये प्रत्येकाला सांगितलं. टेक्निशियनने विचारलं, "तो मिठाई कब?" मी म्हटलं, फेरपरीक्षा होऊ दे.

फेरपरीक्षा झाली. पेपर कसा गेला विचारलं तर ती म्हणाली, "माहीत नाय." तिची आईही असंच म्हणते, भाजी कशी झालीये विचारलं की. निकालाच्या दिवशी माझी नाईट शिफ्ट संपली होती आणि मला घरी येऊन झोपायचं होतं. झोप कसली येते. मी आतल्या खोलीत डोळे मिटून पडलो आणि कान दाराकडे लावले. पास झाली तर गणित राहतं. नापास झाली तर उद्या कॉलेजात जाऊन विषय बदलून यायचा, हे मी मनाशी ठरवलं होतं. तिला ओरडायचं नाही, हेही ठरवलं होतं. त्याची तयारी जास्त करावी लागली.

दुपारी फाटक वाजलं. चपला काढल्याचा आवाज आला. बायकोने काही विचारलं, पण पोरीचं उत्तर ऐकू आलं नाही. मग दप्तराची चेन. मग काहीच नाही. मी थोडा वेळ वाट बघितली आणि मग काही सहन होईना, उठून बाहेर आलो.

ती ओट्यावर बसून काहीतरी लिहीत होती. शेजारी फेरपरीक्षेचा पेपर पडला होता. मी उभ्या उभ्या वरचे मार्क बघितले. पास होती. काठावर नाही, चांगली पास होती. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसलो.

"सांगायचं नाही का?"

"तुमी झोपलेले ना. आई बोलली, उठवू नको." तिने मान वर केली नाही. "एक चुकलं माझं. तेच बघतेय."

मी डोकावलो. अपूर्णांक होता. वर एक्स वजा तीन, खाली एक्सचा वर्ग अधिक एक्स अधिक एक, आणि हे सगळं शून्यापेक्षा मोठं हवं. मी म्हटलं, आधी छेद बघायचा, तो कुठे शून्य होतो, कुठे उणे होतो.

"तेच तर चुकलं," ती म्हणाली. "मी उगाच शोधत बसले. हा छेद कधीच मायनस होत नाय. कुठंच. मग फक्त वरचं बघायचं."

"कधीच नाही?" मी उणे एक घालून बघितला. एक आला. उणे दोन घातला. तीन आले. "बाकीचे सगळे आकडे कोण बघणार?"

"बघायला नाय लागत. सिद्ध करता येतं." तिने भराभर दोन ओळी लिहिल्या. पहिली मला कळली. दुसरीत तिने वर्गाच्या कंसात एक्स अधिक अर्धा केलं आणि बाहेर पाऊण उरवला. तो पाऊण कुठून आला ते मी विचारलं. तिने पुन्हा समजावलं. मी पुन्हा विचारलं. तिने पेन्सिल कानावर ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी मायेने म्हणाली, "राहू द्या बाबा. हे तुमाला नाय समजायचं. झोपा जा तुमी, डोळे बघा कसे झालेत."

आणि पान उलटून पुढचं उदाहरण घेतलं.

मी आत आलो. बायको पाठोपाठ आली. "काय बोलली ती?" तिने विचारलं.

"मला समजणार नाही म्हणाली."

"मग हसता काय?"

मी तिला काही सांगितलं नाही. पंखा लावला, उशी पालथी केली आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी असा झोपलो, जसा कित्येक महिन्यांत झोपलो नव्हतो.